दवाखान्यात सोबत न्यायचं गाणं

इंजेक्शनची सुई दोन-चार सेकंद टोचते. तिच्याआधी बाकावर बसून काढावा लागणारा पाऊण तास मात्र संपता संपत नाही. हातात ३४ नंबरचं टोकन, आत गेलाय १९ नंबर. भिंतीवरच्या टीव्हीत बातम्यांचा कल्ला, शेजारच्या बाई कुणाच्या तरी बिघडलेल्या ऑपरेशनची हकिगत रंगवून सांगतायत, स्पिरिटचा वास, आणि मनात रिपोर्टातले आकडे. छातीत धडधडतं, तळहात गार पडतात, तोंडाला कोरड पडते. मग नंबर लागतो, आत डॉक्टर विचारतात, "काय होतंय?", आणि घरून ठरवून आणलेल्या चार गोष्टींतल्या दोन सांगायच्या राहून जातात. ही भीती मुकाट्यानं सोसावी असं अनेकांना वाटतं. पण तिच्यापायी तपासणी अर्धवट होते, बीपी उगाच चढलेलं दिसतं, आणि काही जण तर दातांच्या डॉक्टरकडे जाणं वर्षानुवर्षं टाळतात.

या भीतीवर गाणं उपयोगी पडतं. ते भीती पुरती घालवत नाही, पण उतरवतं. मात्र भीती अंगात भिनल्यावर, बाकावर बसून 'मन शांत करणारं संगीत' असं मोबाइलवर शोधून जे हाती लागतं, त्याचा भरवसा नसतो. गाणं आधी घरी निवडावं लागतं, ऐकून मुरवावं लागतं. ते कधी लावायचं आणि कधी बंद करायचं, दोन्ही ठरवून जावं लागतं.

फरक पडतो, तो किती?

ही कल्पना नवी नाही. १९१४ साली पेनसिल्व्हेनियातल्या इव्हान केन या सर्जननं आपल्या ऑपरेशन थिएटरात फोनोग्राफ आणून ठेवला होता आणि रुग्णांचं मन त्यामुळे भीतीवरून दुसरीकडे वळतं, असं अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाला कळवलं होतं. पुढे शंभर वर्षांत यावर भरपूर अभ्यास झाले. ऑपरेशनच्या आधी गाणं ऐकवलेल्या आणि न ऐकवलेल्या रुग्णांची तुलना करणाऱ्या २६ चाचण्या कॉक्रेन या संस्थेनं २०१३ मध्ये एकत्र तपासल्या. त्यांत २,०५१ रुग्ण होते. चिंता मोजायची जी प्रश्नावली वापरतात, तिचे गुण २० ते ८० असतात. गाणं ऐकलेल्यांचे गुण सरासरीनं साडेपाचपेक्षा थोड्या जास्त गुणांनी कमी भरले. हा काही चमत्कार नाही. शिवाय आपल्याला गाणं ऐकवलं जातंय हे रुग्णाला कळतंच, त्यामुळे अशा चाचण्यांत थोडा पक्षपात राहतोच, हेही त्या अभ्यासकांनी नोंदवलंय. तरीही, ज्याला खर्च नाही आणि ज्यानं गुंगी येत नाही अशा उपायानं एवढं होत असेल, तर ते मला मोलाचं वाटतं.

याहून जास्त शिकवणारा अभ्यास २०१९ सालचा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हातापायाच्या नसेजवळ भुलीचं इंजेक्शन घ्यायला आलेल्या १५७ जणांपैकी काहींना चिंता कमी करणारं मिडाझोलाम हे औषध शिरेतून दिलं आणि इतरांना तीन मिनिटं संगीत ऐकवलं. दोन्ही गटांतली चिंता जवळपास सारखीच उतरली. पण एकंदर अनुभवाबद्दल समाधानी होते ते औषधवालेच जास्त. संगीत ऐकणाऱ्यांना निवडीची मुभा नव्हती, सगळ्यांना एकच रचना ऐकवली होती. आणि कानांवर बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन असल्यामुळे रुग्ण आणि डॉक्टर यांना एकमेकांशी बोलणं जड गेलं. निवड आपली असावी आणि बोलण्याची वाट मोकळी राहावी, हे दोन धडे पुढच्या सगळ्या सूचनांच्या मुळाशी आहेत.

गाणं नेमकं काय करतं? आपलं लक्ष एका वेळी फार ठिकाणी राहू शकत नाही, त्यातला मोठा हिस्सा ते धरून ठेवतं. संथ लयीबरोबर श्वासही संथ होऊ लागतो, आणि श्वास संथ झाला की छातीतली धडधड उतरते. तिसरी गोष्ट कमी बोलली जाते. दवाखान्यात आत शिरल्यापासून सगळं दुसऱ्यांच्या हातात असतं: कुठे बसायचं, काय काढून ठेवायचं, कधी वळायचं. तिथं एक गोष्ट आपल्या हातात असली तर माणसाला धीर येतो. १९६० च्या सुमाराला अमेरिकेत वॉलेस गार्डनर या दंतवैद्यानं जे. सी. आर. लिकलायडर या शास्त्रज्ञाच्या साथीनं रुग्णांच्या कानात संगीत आणि धबधब्यासारखा एकसुरी आवाज सोडून दातांची कामं केली. आवाज कमीजास्त करायचं बटण त्यांनी रुग्णाच्याच हातात दिलं होतं. दुखायला लागलं की रुग्ण आवाज वाढवी. मला त्या प्रयोगातलं ते बटण फार महत्त्वाचं वाटतं.

कोणतं गाणं?

पहिलं उत्तर: तुमचं. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या तक्त्यांत अमुक राग रक्तदाबावर, तमुक राग दम्यावर, असं छापून येतं. त्या तक्त्यांवर विसंबू नका. ठरावीक रागानं ठरावीक रोग हटतो असा भरवशाचा पुरावा नाही, आणि ज्याला शास्त्रीय संगीताची गोडी नाही त्याला दरबारी कानडा ऐकवून शांत वाटेलच असं नाही. ज्याला जगजितसिंग आवडतो त्यानं जगजितसिंग ऐकावा. ज्या आजींना हरिपाठ पाठ आहे त्यांच्यासाठी हरिपाठ.

आवडीच्या गाण्यांतून निवडताना मात्र चाळणी लावावी लागते. संथ हवं, साधारण मिनिटाला ६० ते ८० ठोके, म्हणजे निवांत बसलेल्या माणसाच्या नाडीइतकं. एकदम चढणारा आवाज, ढोलताशा, तुतारी नको. शब्दांचं पाहा: निरोपाची, विरहाची, मरणाची गाणी एरवी कितीही लाडकी असोत, इथं नकोत. जे गाणं गेलेल्या माणसाची आठवण काढतं तेही बाजूला ठेवा. नवं, पहिल्यांदाच ऐकलेलं गाणं डोक्याला काम लावतं. ओळ न् ओळ ठाऊक असलेलं गाणं आधार देतं. त्यामुळे वडीलधाऱ्यांसाठी त्यांच्या तरुणपणीची गाणी शोधा. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून घरोघरी पोचलेलं, ५६ गीतांचं गीतरामायण आज ऐंशीच्या घरात असलेल्या कितीतरी जणांना तोंडपाठ आहे. त्यातली वनवासाची, शोकाची गीतं गाळा, बाकीची हवी तेवढी आहेत. नाट्यसंगीतात रमलेल्यांना ताना आणि टाळ्या नसलेली, ठाय लयीतली पदं द्या.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांसाठी एक खास सूचना, जी परदेशी सल्ल्यांत सापडणार नाही. आपली मैफल विलंबितापासून सुरू होऊन द्रुतात संपते. आधी बडा ख्याल, मग छोटा. सतारीवर आलाप, जोड, मग झाला. रंग चढत जावा अशीच ती रचना असते. आपल्याला दवाखान्यात हवा तो प्रवास याच्या नेमका उलटा आहे. पन्नास मिनिटांचं ध्वनिमुद्रण तसंच लावून बसलात, तर डॉक्टरांनी आत बोलावण्याच्या वेळी कानात झाला सुरू असेल, तबला-सतारीची झटापट चालू असेल. म्हणून आलाप आणि विलंबिताचा भाग तेवढाच घ्या. मोबाइलवर गाणं कापायची सोय असते, घरातल्या कुणा मुलाला सांगितलंत तर पाच मिनिटांत करून देईल. जाहीर मैफलीची ध्वनिमुद्रणं टाळा, मध्येच टाळ्यांचा कडकडाट होतो. बासरी किंवा संतूर आवडत असेल तर स्टुडिओत मुद्रित केलेले आलाप उत्तम. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांचं १९६७ मधलं 'कॉल ऑफ द व्हॅली' अनेक घरांत आहे. त्यातलेही संथ भाग निवडून घ्या.

ठेक्याचंही भान ठेवा. आपल्याकडे समेवर मान डोलवायची, बोटांनी ताल धरायची सवय अंगात मुरलेली असते, आणि ती नकळत होते. बाकावर बसून मान डोलली तर बिघडत नाही. डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये, दाताला ड्रिल लावलेलं असताना किंवा एमआरआयच्या यंत्रात मात्र ती हलता कामा नये. अशा जागांसाठी ठेका नसलेलं संगीत वेगळं काढून ठेवा: नुसता आलाप, तानपुरा, समुद्राच्या लाटांचा आवाज, पाऊस.

आता क्रम. घाबरलेल्या माणसाला लगेच अतिविलंबित ऐकवलं तर तो जास्त कासावीस होऊ शकतो. आत सगळं धावत असताना बाहेरची ती संथ गती सहन होत नाही. संगीतोपचार करणारे यासाठी १९४० च्या दशकापासून एक तत्त्व पाळत आलेत: आधी मनाच्या आताच्या गतीशी जुळणारं गाणं, मग हळूहळू उतरत जाणारी. तेव्हा सुरुवातीला मध्य लयीतली दोन ओळखीची गाणी, पाय जरा थिरकले तरी चालतील अशी. त्यानंतर संथ भावगीतं किंवा अभंग. शेवटी शब्द नसलेलं, ठेका नसलेलं काहीतरी. सगळं मिळून पंचवीस-तीस मिनिटं पुरे.

आणि त्याच्या शेवटी दोन मिनिटं शांतता ठेवा. इटलीतल्या लुचानो बर्नार्डी या डॉक्टरांनी २००६ मध्ये २४ जणांना वेगवेगळ्या प्रकारचं संगीत ऐकवून त्यांच्या नाडीची, श्वासाची, रक्तदाबाची नोंद घेतली. जलद संगीतानं हे सगळं वाढलं. पण संगीताच्या मध्ये ठेवलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत नाडी आणि रक्तदाब सुरुवातीपेक्षाही खाली उतरले. बीपी मोजायला बसताना ही शांतता फार कामाला येते.

घरातली तालीम

अपॉइंटमेंट ठरली त्या रात्रीपासून रोज झोपण्याआधी हीच गाणी, याच क्रमानं, अंथरुणावर पडून ऐका. श्वास घेताना मनात चार मोजा, सोडताना सहा. दुसरं काही करू नका, मोबाइल उलटा ठेवा. काही रात्रींत शरीराला या सुरांची आणि सैल पडण्याची सांगड बसू लागते. मग दवाखान्याच्या बाकावर पहिला सूर कानात पडला की खांदे आपोआप उतरू लागतात. ही तालीम न करता गाणं नेणारे पुष्कळ असतात आणि 'मला काही फरक पडला नाही' म्हणतात. तालीम केली तर फरक पडण्याची शक्यता वाढते.

ही सांगड उलटीही बसू शकते. केमोथेरपी घेणाऱ्या काहींना, उपचाराच्या सुमाराला खाल्लेल्या एखाद्या पदार्थाची नंतर शिसारी बसते, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. गाण्याच्या बाबतीतही सावध राहिलेलं बरं. ज्यानं मळमळ, उलट्या होतात अशा उपचाराला जाताना आयुष्यातलं सगळ्यात लाडकं गाणं नेऊ नका. आवडीची पण जिवाला फार चिकटलेली नसलेली गाणी न्या, आणि घरी परतल्यावर ती लावू नका. लग्नातलं गाणं, आईनं म्हटलेली ओवी घरासाठीच राखून ठेवा.

मोबाइलची तयारी किरकोळ वाटते, पण घोटाळा बहुतेकदा इथंच होतो. एक्स-रे, सोनोग्राफी, एमआरआयचे विभाग अनेकदा तळघरात असतात, तिथं रेंज नसते. फुकटच्या अ‍ॅपवर आलापाच्या मध्येच साबणाची जाहिरात दुप्पट आवाजात घुसते आणि माणूस दचकून उठतो. म्हणून गाणी मोबाइलमध्येच उतरवून ठेवा आणि 'दवाखाना' अशा नावाची वेगळी यादी करा. आत गेल्यावर मोबाइल फ्लाइट मोडवर टाका, म्हणजे नेमक्या वेळी बँकेचा फोन येणार नाही. चार्जिंग पाहा, वायरचे इयरफोनही पिशवीत असू द्या. आवाज निम्म्याच्या थोडा वर, त्याहून जास्त नको. शेजारच्याला आपलं गाणं ऐकू येता कामा नये. स्पीकरवर तर मुळीच लावू नका, तुम्हाला शांत करणारा अभंग शेजारच्या रुग्णाचं डोकं उठवू शकतो.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते काढून कानात इयरफोन घालू नयेत, नंतर डॉक्टरांचं बोलणं ऐकू येत नाही. कानावरून बसणारे मोठे हेडफोन यंत्रासकट घालता येतात का ते घरी पाहा. नवीन यंत्रांत मोबाइलमधलं गाणं थेट यंत्रातच ऐकायची सोयही असते.

डॉक्टरांना काय सांगायचं

संकोच करू नका. आधी फोनवर किंवा आत गेल्या गेल्या असं म्हणता येईल: "डॉक्टर, मला फार भीती वाटते. काम चालू असताना एका कानात हळू आवाजात बासरी लावली तर चालेल का? काही सांगायचं असलं की माझ्या खांद्याला हात लावा, मी लगेच काढेन." बहुतेक डॉक्टर हो म्हणतात. नाही म्हणाले तर त्यामागे कारण असतं, तेव्हा हट्ट धरू नका. 'मला भीती वाटते' हे वाक्य बोलल्यानंच अर्धं काम होतं. मग सिस्टर सुई लावण्याआधी सांगतात, दंतवैद्य मध्ये थांबतात.

काही वेळा दोन्ही कान मोकळे हवेतच. डॉक्टर त्रास विचारत असताना. संमतिपत्रावर सही करताना. रिपोर्ट समजावून सांगताना. गोळ्या कधी घ्यायच्या हे सांगताना. बाकावर बसल्यावरही एकच कान गाण्याला द्या, दुसरा टोकनच्या पुकाऱ्याला. सोबत कुणी असेल तर पुकाऱ्याकडे लक्ष ठेवायचं काम त्यांच्यावर सोपवा आणि मग निर्धास्त ऐका.

त्या त्या ठिकाणी

बीपी मोजायला बसताना गाणं बंद करा. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं असतं, आणि त्या शांततेबद्दल वर सांगितलंच. डॉक्टरांना पाहून ज्यांचं बीपी चढतं, त्यांनी त्याआधीच्या वेळात गाणं ऐकावं आणि घरी मोजलेले आकडे लिहून न्यावेत.

रक्त काढताना गाणं लावून मान दुसरीकडे वळवली की बहुतेकांचं काम भागतं. पण रक्त किंवा सुई पाहून ज्यांना चक्कर येते, त्यांची गोष्ट वेगळी आहे. अशा वेळी बीपी अचानक खाली येतं म्हणून माणूस पडतो. त्याला आणखी सैल पाडणारं संगीत देणं चुकीचं. त्यांनी मांड्या, पोट आणि ज्या हातातून रक्त काढायचं नाही त्या हाताचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळावेत, थोडं सोडावं, पुन्हा आवळावेत. 'मला चक्कर येते' असं आधी सांगून झोपून रक्त द्यावं. गाणं ऐकायचंच असेल तर जरा जोशाचं ऐका, पोवाडासुद्धा चालेल.

दंतवैद्याकडे त्रास देतो तो ड्रिलचा आवाज. तो हवेतून येतो तसा जबड्याच्या हाडातूनही कानात पोचतो, त्यामुळे कितीही चांगले हेडफोन लावले तरी पूर्ण थांबत नाही. गाण्यानं तो मागे ढकलला जातो, एवढंच. तोंड उघडं असताना बोलता येत नाही. म्हणून डावा हात वर केला की थांबायचं, असा इशारा आधी ठरवून घ्या. इयरफोनची वायर डॉक्टरांच्या हाताच्या वाटेत येऊ देऊ नका.

एमआरआयबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथं पुष्कळ माणसं घाबरतात आणि तिथंच आपला मोबाइल नेता येत नाही. त्या यंत्राचं चुंबक चोवीस तास चालू असतं. मोबाइल, इयरफोन, ब्लूटूथची बटणं काहीच आत नेऊ नका, श्रवणयंत्रसुद्धा बाहेर काढून ठेवावं लागतं. आतल्या तारांच्या वेटोळ्यांतला प्रवाह क्षणोक्षणी बदलत असल्यामुळे ती थरथरतात आणि ठकठक, घरघर असा मोठा आवाज येतो. तो शंभर डेसिबलच्याही वर जाऊ शकतो. म्हणून कानात बोळे किंवा कानांवर हेडफोन देतात. काही केंद्रांत हवेच्या नळीतून आवाज आणणारे किंवा एमआरआयमध्ये चालतील असे खास हेडफोन असतात आणि त्यातून गाणं ऐकवतात. नोंदणी करतानाच विचारा: "गाण्याची सोय आहे का? मी आणलेलं गाणं लावाल का?" असेल तर पेन ड्राइव्हवर घेऊन जा. यंत्राचा आवाज गाण्याला मधूनमधून गिळून टाकेल, हे आधीच माहीत असू द्या.

सोय नसली तरी गाणं आत नेता येतं, मनात. तपासणी सलग नसते. काही मिनिटांचे तुकडे असतात, मध्ये क्षणभर शांतता. टेक्निशियनला विचारा, "हा किती मिनिटांचा आहे?" चार मिनिटं म्हणाले तर चार मिनिटांचं एक गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मनात म्हणा. ओठ हलवू नका, गुणगुणू नका, विशेषतः मानेची तपासणी असेल तर. यंत्राच्या ठकठकीला एक ठाम लय असते. ज्यांना तालाची जाण आहे त्यांना तिच्यावर गाणं बसवता येतं आणि मग तो आवाज अंगावर येत नाही. डोळे आत सरकण्याआधीच मिटा आणि बाहेर येईपर्यंत उघडू नका. हातात दाबायचा रबरी फुगा देतात. तो दाबला की माणसं लगेच येतात. तो दाबण्यात कमीपणा नाही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन बहुधा नुसते थेंब टाकून किंवा डोळ्यापुरती भूल देऊन करतात. माणूस जागा असतो आणि वरच्या दिव्याकडे बघा, हलू नका, अशा सूचना त्याला ऐकाव्या लागतात. इथं इयरफोन नकोतच. पण पुष्कळ सर्जन थिएटरात हळू आवाजात गाणी लावतात. तुमच्या आवडीचं लावाल का, असं विचारायला हरकत नाही. कमरेतून भूल देऊन होणाऱ्या सिझेरियनच्या वेळीही तसंच विचारता येतं.

डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार-चार तास. इतका वेळ निव्वळ संथ संगीत ऐकवत नाही. पहिल्या अर्ध्या तासाला, सुया लागताना, आपली शांत यादी. मग कीर्तन, जुनी श्रुतिका, बोलतं पुस्तक, काहीही. सुया लावलेला (फिस्टुलाचा) हात हलवायचा नाही आणि यंत्राचा भोंगा ऐकू यायला हवा, म्हणून एकच कान.

लहान बाळाला लस देताना मोबाइलवरच्या गाण्याची गरज नाही. आईनं बाळाला उराशी धरून, शक्य असेल तर अंगावर पाजत, रोजचीच अंगाई म्हणावी. आवाज कापला तरी बाळाला तो ओळखीचाच असतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला गाण्यात सामील करून घ्या, हातवारे करायची बालगीतं म्हणा, आणि 'दुखणार नाही' असं खोटं सांगू नका.

गाण्याला जमणार नाही ते

छातीत दुखतंय, श्वास लागतोय, एक बाजू लुळी पडतेय, अशा वेळी गाणं लावून शांत होण्याची वाट बघायची नसते, तडक दवाखाना गाठायचा. दवाखान्याच्या नुसत्या विचारानं झोप उडत असेल, घाम फुटून दारातूनच परत फिरावं लागत असेल, तर ती भीती गाण्याच्या आवाक्याबाहेरची आहे आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत. फॅमिली डॉक्टरांना सांगा किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तिथं मराठीत बोलता येतं. काहींना आवाजच सोसत नाही. मायग्रेन असलेली माणसं, कानात सतत गुंजन असलेली माणसं, स्वमग्नता असलेली कितीतरी मुलं. त्यांना नुसते कानात घालायचे बोळे आणि कोपऱ्यातली जागा दिली तरी पुरतं. फार थोड्या जणांना ठरावीक संगीतानं फिट येते. तसा अनुभव असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही लावू नका.

आणि थिएटरच्या बाहेर बसलेल्यांचं काय? आत गेलेल्याला निदान भूल दिलेली असते. बाहेरच्या खुर्चीवरची बायको किंवा मुलगा पूर्ण शुद्धीत तीन तास दाराकडे बघत असतात. त्यांनीही आपली यादी करावी, तीही एका कानासाठीच, कारण नाव कधीही पुकारलं जातं, औषधाची चिठ्ठी कधीही हातात येते. दोघं-तिघं असाल तर पाळ्या लावा: एकानं दाराकडे लक्ष द्यायचं, दुसऱ्यानं अर्धा तास डोळे मिटून ऐकायचं, मग उलट. घरी आल्यावर सगळ्यांनी मिळून एकदा यादी पाहा. कुठलं गाणं खरंच लागू पडलं, कुठलं नकोसं झालं, कुठे आवाज मोठा वाटला, ते लिहून ठेवा आणि पुढच्या तारखेच्या आधी यादी दुरुस्त करा.